दहावी झेंडी

“…पण माणसं येत का नाहीत, तात्या? एवढं सांगा.”

पराशर औटीने हे सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन वेळा तात्या डुंबरे नुसते “हं” म्हणाले होते. तिसऱ्यांदा तेही म्हणाले नाहीत.

तात्यांच्या ओसरीवर आम्ही तिघंच होतो. मी येत्या रविवारच्या शर्यतीच्या नकाशात ओढ्याला निळा रंग भरत होते. मी शाळेत चित्रकला शिकवते, आणि गेली अकरा वर्षं तात्यांच्या नकाशांचं रंगकाम माझ्याकडे आहे. तात्यांनी उभा जन्म जमीन मोजणी खात्यात काढला. आता पिंपळमाळच्या पठाराखाली राहतात. त्या पठारावरचा एकेक धोंडा, झाड, पाणवठा त्यांनी पायांनी मोजून कागदावर उतरवला आहे.

पराशर हा त्यांचा सगळ्यात तयार शिष्य, आणि आपण तसे आहोत हे सगळ्यात जास्त माहीत असलेला माणूसही पराशरच.

आमच्याकडे जिला झेंड्यांची शर्यत म्हणतात, तिला पुण्याकडचे लोक ओरिएंटीअरिंग म्हणतात. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात शिरायचं, ठरलेल्या जागी टांगलेल्या बारा झेंड्या ओळीने गाठायच्या आणि परत यायचं. प्रत्येक झेंडीला एक दातेरी चिमटा लटकवलेला असतो. तो कार्डावरच्या चौकोनात दाबला की भोकं पडतात. प्रत्येक चिमट्याची नक्षी वेगळी असते, त्यामुळे तुम्ही कुठे पोचलात आणि कुठे नाही ते कार्डच सांगतं.

पराशर चार वेळा राज्यात पहिला आला. मग धावणं थांबवून त्याने इथे, पिंपळमाळवर, स्वतःची शर्यत सुरू केली. त्याला आता नऊ वर्षं झाली. त्यापायी नोकरी सोडली, ठरलेलं लग्न सोडलं, आईशी अबोला धरला. ही शर्यत बंद पडली तर सकाळी उठून काय करायचं, हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं.

सुरुवातीला तात्यांनी त्याला एकच नियम घालून दिला होता. आत गेलेली कार्डं आणि बाहेर आलेली कार्डं मोजायची. शेवटचं माणूस रानातून बाहेर येत नाही तोवर शर्यत चालू. संपली म्हणायचं नाही.

पराशर म्हणायचा, हा नियम मला झोपेतही पाठ आहे.

तर गेल्या वर्षी शहाण्णव माणसं आली होती. या वर्षी रविवार चार दिवसांवर आला तरी नावं फक्त एकोणीस. गावच्या वन समितीने स्पष्ट सांगितलं होतं, की तीस माणसंसुद्धा येणार नसतील तर पुढच्या वर्षीपासून पठार मिळणार नाही.

पराशर वही घेऊनच आला होता. त्यात कारणं लिहिलेली होती, तारीखवार. त्याने ती वाचून दाखवली. त्याच दिवशी जवळच मॅरेथॉन आहे. परीक्षा तोंडावर आल्या आहेत. शेवटचा अकरा किलोमीटरचा रस्ता गाडीची हाडं खिळखिळी करणारा आहे. ऊन यंदा लवकर तापलं.

तात्या प्रत्येक कारणाला “खरं आहे” म्हणत गेले.

मग तो चुरशीकडे वळला. मध्यंतरी त्याने सगळ्यांना खूश करायला चौदा गट पाडले होते. तेव्हा प्रत्येक गटात दोन-तीनच जण उरले, पदक सगळ्यांना मिळालं आणि कुणालाच त्याचं काही वाटेना. म्हणून पुढे गट चारच ठेवले आणि वाट अवघड केली. तर हौशी माणसं बिचकली. आणि हौशी गेली तसे पट्टीचे धावणारेही आटले, कारण मोजक्या जणांत पहिलं येण्यात काय मजा आहे? पट्टीचा माणूस तिथेच जातो, जिथे त्याला हरवणारा येणार असतो.

“खरं आहे,” तात्या म्हणाले.

मला वाटलं, म्हातारा थकला. दुपारचं जेवण झालं होतं आणि डोळे मिटत होते.

“गेल्या वर्षी होते आणि यंदा नाहीत,” तात्या मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, “त्यांची नावं वाच.”

पराशरने कंटाळून वाचायला घेतली. टपालातले सात जण. ओतूरच्या योगवर्गातल्या अकरा बायका. त्यांतल्या चौघींचे नवरे, दोघींच्या सुना. एका सुनेच्या बँकेतली पाच मंडळी, त्यांचे मित्र… यादी लांबत चालली. मी ब्रश बाजूला ठेवला. ही सगळी माणसं मला एकाच जीपमधून उतरताना आठवत होती. जीपच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या.

“ही सगळी टेमगिरेबाईंची माणसं,” मी म्हणाले.

“हो, त्याच,” पराशर हसला. “ती गंमत तात्यांना माहीतच नाही. तात्या, तुम्हाला त्या दिवशी ताप होता ना.”

आणि त्याने ती गंमत सांगितली.

विजया टेमगिरे टपालाच्या खिडकीवर बसतात. चौपन्न वर्षांच्या. तीन वर्षं शर्यतीला येत होत्या, दर वेळी शेवटच्या, आणि दर वेळी पुढच्या वर्षी आणखी माणसं घेऊन. गेल्या वर्षी त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं, तर अकरा चौकोन बरोबर आणि दहाव्यात भलतीच भोकं. बारीक. सेफ्टी पिनने पाडलेली. दहावी झेंडी सगळ्यात लांबची, चढावरची. बाईंनी चढ चुकवला आणि पिन टोचली, हे शेंबडं पोरही ओळखेल, असं पराशर म्हणाला. बक्षीस समारंभात त्याने ते कार्ड माइकवरून सगळ्यांना उंच करून दाखवलं. चोरीसुद्धा नीट करायला शिकलं पाहिजे, असं म्हणाला. लोक खूप हसले.

बाईंनी पाण्याची बाटली पिशवीत घातली आणि जीपकडे गेल्या.

पराशरने हे सांगितलं नाही, पण मी सांगते. हसणाऱ्यांत मीही होते. कार्डं तपासायच्या टेबलावर बसून मी चांगली खदखदून हसले होते.

“ते कार्ड आहे?” तात्यांनी विचारलं.

होतं. त्याने ते नमुना म्हणून फायलीत लावून ठेवलं होतं. तात्यांनी ते उजेडासमोर धरलं आणि बराच वेळ बघितलं.

“बाई किती वाजता आल्या?”

“पावणेतीनला. मुदत तीनची होती.”

“आणि झेंड्या कधी उतरवल्या?”

पराशर उत्साहाने सांगू लागला. पाहुणे लवकर आले, त्यांना पुढे दुसरा कार्यक्रम होता, म्हणून दोनलाच कामाला लागावं लागलं. जवळच्या झेंड्या नंतर काढता येतात, वेळ खाते ती दहावी. मदतीची पोरं तिथे जायला तास लावतील, म्हणून तो स्वतः ओढ्याच्या आडवाटेने धावत गेला. “जाऊन, झेंडी काढून, खाली यायला एकोणीस मिनिटं, तात्या. अजून कुणी गेलेलं नाही एवढ्यात.”

“तेव्हा आत किती माणसं होती?”

“एकच. बाईच. बाकी पंच्याण्णव कार्डं आली होती.”

तात्या उठले. काठी घेतली, चपला घातल्या.

“चल. दहावीला जाऊन येऊ.”

मी म्हटलं, तात्या, गुडघे. त्यांनी ऐकलं नाही. मी नकाशा घेऊन मागे निघाले.

पराशरचं एकोणीस मिनिटांत जाणं-येणं व्हायचं, आम्हाला नुसतं चढायलाच दीड तास लागला. सुरुवातीला पराशर पुढे जाऊन थांबायचा, परत यायचा, पुन्हा पुढे जायचा. असं दोनदा झालं. मग तो मुकाट्याने तात्यांच्या मागून चालू लागला. वाटेत एका ठिकाणी तो म्हणाला, की इथून खालचं तळं दिसतं हे त्याला कधी कळलंच नव्हतं.

वर पोचलो. ओढ्याचा फाटा, त्याच्या डाव्या हाताला बुंध्यापासून दोन झालेला हिरडा. तात्या खालच्या दगडावर बसले. त्यांना दम लागला होता.

“हीच जागा?”

“हीच.”

“नक्की?”

“तात्या, मीच टांगली होती.”

“झेंडी तर दिसत नाही.”

“झेंडी कशाला लागते?” पराशरला राग आला. चार वेळा राज्यात पहिला आलेल्या माणसाला हे विचारायचं म्हणजे काय. “नकाशात हा फाटा आहे, हा जोडहिरडा आहे. नीट वाचणाऱ्याला जागा कळते. झेंडी नसली तरी…”

तो थांबला.

खाली कुठेतरी गुराच्या गळ्यातली घंटा वाजत होती. ती थांबली, पुन्हा वाजली. पराशर हिरड्याकडे बघत उभा होता आणि मी त्याच्याकडे. त्याचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी नकाशात तोंड घातलं.

“दोनला मी…” तो म्हणाला.

“पलीकडच्या अंगाला बघ,” तात्या म्हणाले.

पराशर झाडाच्या पलीकडे गेला. खाली आलेल्या एका फांदीला काहीतरी लटकत होतं. कापडाचा विटका तुकडा, कडेला लेस. बायकांचा हातरुमाल असतो तसा. पावसाळाभर भिजून त्याचा मूळचा रंग गेला होता. फांदीच्या बेचक्यात तो पिनने अडकवला होता. पिन पार गंजली होती.

तात्यांना ते तिथे आहे हे आधी माहीत होतं का? मी नंतर विचारलं तेव्हा त्यांनी मलाच विचारलं, की झेंडी नसलेल्या जागी तू उभी असतीस तर काय केलं असतंस.

पराशरने निघताना खिशात टाकलेलं कार्ड काढलं. गंजलेली पिन त्याने फांदीवरून काढली नाही, नुसती बोटाने चाचपली. मग कार्डाचा दहावा चौकोन तिच्याजवळ नेऊन बघितला, आणि पुन्हा बघितला.

“त्या इथे आल्या होत्या,” तो म्हणाला. “मी झेंडी घेऊन खाली गेल्यावर आल्या. चिमटा नाही म्हणून स्वतःच्या पिनने…”

तात्यांनी काठीने पायाजवळचा पाला बाजूला सारला.

“आणि रुमाल का लावला असेल?”



“मागून येणाऱ्याला जागा कळावी म्हणून,” त्याचं त्यानेच उत्तर दिलं. आवाज अगदी खाली गेला होता. “पण मागे कुणी नव्हतंच, तात्या. त्याच शेवटच्या होत्या. त्यांना ते ठाऊक नव्हतं.”

मला तिथे रडू आलं. लपवायचा मी प्रयत्न केला नाही. ते माइकवरचं हसणं माझ्या कानात पुन्हा वाजत होतं आणि त्यात माझा आवाज मला स्पष्ट ओळखू येत होता.

पराशर दुसऱ्या दगडावर बसला. बराच वेळ बसला. सावल्या लांबल्या, तात्यांचा दम खाली बसला, तरी तो तसाच. त्याच्या मांडीवर कार्ड होतं आणि त्यावर त्याचा हात होता. नऊ वर्षांत मी त्याला इतका वेळ एका जागी बसलेला पाहिला नव्हता.

शेवटी बोलला तेही शर्यतीचंच. तो कोडगा आहे म्हणून नव्हे, पार घाबरला होता म्हणून. माणूस घाबरला की हाताशी असेल तेच धरतो.

“तात्या… रविवारी तीस माणसं होतील का?”

तात्यांनी माझ्या हातातला नकाशा घेतला. ओढ्याचा रंग वाळला आहे का, ते बोट लावून बघितलं. घडी घातली आणि ती पराशरच्या हातात दिली. मग काठी टेकून उठले आणि उताराकडे तोंड करून म्हणाले,

“रविवारचं नंतर. गेल्या वर्षीचं एक माणूस अजून रानात आहे.”