हृदयगडाची भिंत

एका राज्यात एके दिवशी वारा पडला, तो पुन्हा उठलाच नाही. गलबते बंदरातच खोळंबली, उफणणीवाचून धान्य खळ्यांत पडून राहिले, आणि त्याच दिवसापासून सुलतान फर्रुखशाहाचे ओठ निळे पडू लागले.

ही करणी काबूस जादूगाराची. त्याने वजिरी मागितली होती आणि सुलतानाने ती नाकारली होती. सूड म्हणून काबूसाने सुलतानाच्या छातीतले हृदय मंत्राने काढून नेले, वाळवंटात त्याचा तांबडा गड उभारला आणि राज्याचा सारा वारा त्यात कोंडला. जाताना तो बजावून गेला, "गडाच्या उजव्या दालनातले काळे पाणी डाव्या दालनात नेऊन ओता, म्हणजे सुलतान वाचेल. मात्र स्वतः न पाहिलेली वाट जो 'आहे' म्हणेल, तो जागीच दगड होईल."

नामांकित हकीम गेले, ते परतले नाहीत. शाही दवाखान्याचे प्रमुख, वृद्ध हकीम इसाम गेले, तेही परतले नाहीत. तेव्हा त्यांची मुलगी लुबना सुलतानासमोर येऊन उभी राहिली. ती बापाच्या हाताखालीच हकिमी शिकली होती, आणि आता तिच्याही नावाने लांबून रोगी येत.

सुलतान धापा टाकीत म्हणाला, "तुझ्या वडिलांना मीच पाठवले. तुला नाही पाठवणार."

"खाविंद, मी परवानगी मागायला आले नाही. निरोप घ्यायला आले आहे."

वाळवंट ओलांडून ती गडाशी पोहोचली. गड डोंगराएवढा होता आणि हळूहळू धडधडत होता. दरवाजापाशी एक मध्यमवयीन पहारेकरी बसला होता. त्याच्या अंगावर नुसती हाडे उरली होती. कमानीवरचा हुदहुद पक्षी माणसासारखे बोलला, "बाई, इथे दर हकिमासाठी नवा पहारेकरी बसतो. हा मुका आहे. याचे दुःख ओळखशील तरच हा किल्ली देईल."

लुबनाने त्याचे मनगट हाती घेतले आणि ती एकेका मुलखाचे नाव घेऊ लागली. नाडी संथच होती. 'निळ्या खजुरांचे गाव' म्हणताच ती हरणासारखी उसळली. मग लुबनाने नात्यांची नावे घेतली, आणि 'आई' या शब्दाला ती पुन्हा उसळली.

"भाऊ, तुला आईची ओढ लागली आहे. घरी जा."

पहारेकऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. किल्ली तिच्या हाती देऊन तो धावत सुटला.

आत अंगणातल्या भिंतींना भेगा पडल्या होत्या. तिथे पाण्याने भरलेली एक सुरई ठेवली होती. मागोमाग उडत आलेला हुदहुद म्हणाला, "हा गड साऱ्या देहाला पाजतो. पण स्वतः तहानलेला आहे. योग्य जागी ओत, म्हणजे आतले दार उघडेल."

काबूसाच्या बोलण्याप्रमाणे आत पाणी तर होतेच, तरीही भिंती कोरड्या! लुबना भिंतीलगत फिरली. दालनांच्या भिंतींना बाहेरून वेलींसारख्या बारीक लाल नळ्यांनी वेढले होते. त्यांच्या मुळाशी तिने सुरई रिकामी केली. भेगा मिटल्या, दगड ओलावले, दार उघडले.

ते उजवे दालन होते. जमिनीवर काळेशार पाणी पसरले होते, आणि पलीकडे जाडजूड भिंत. भिंतीशी दगडी हकिमांची रांग उभी होती. शेवटच्याचे दोन्ही तळवे भिंतीला टेकलेले होते. ते तिचे वडील होते.

लुबना त्यांच्याजवळ गेली. 'या भिंतीला न दिसणारी छिद्रे आहेत, त्यांतून रक्त पलीकडे झिरपते,' हे तिला त्यांनीच शिकवले होते. त्यांना त्यांच्या गुरूंनी शिकवले होते.

हुदहुदाने विचारले, "बोल, भिंतीत वाट आहे?"

तिने भिंत बोटांनी चाचपली, कान लावून पाहिला, ओल शोधली. मग वडिलांच्या दगडी चेहऱ्याकडे पाहून ती म्हणाली, "अब्बाजान, मला क्षमा करा. या भिंतीत वाट नाही."

ती दगड झाली नाही. पाणी मात्र किंचित हलले. तिने निरखून पाहिले, तर ते छताजवळच्या एका रुंद बोगद्याकडे ओढ घेत होते. झोळीतला कटोरा त्या पाण्याने भरून घेऊन ती बोगद्यातून वर चढली.

वर एक विलक्षण महाल होता. त्याच्या कोठड्या मधाच्या पोळ्यासारख्या एकीत एक गुंतल्या होत्या, आणि कोठड्यांचे पडदे फुलाच्या पाकळीहून तलम होते. पडद्यांमागे राज्याचा कोंडलेला वारा घुमत होता. लुबनाने कटोरा कलंडला. काळे पाणी सूक्ष्म धारांनी पडद्यांवर पसरले, वाऱ्याला भेटले आणि तिच्या देखत लालबुंद झाले! जे ग्रंथांत नव्हते, ते निर्मात्याने इथे करून ठेवले होते.

लाल धार दुसऱ्या वाटेने उतरू लागली, आणि कटोऱ्यात ती झेलीत लुबनाही उतरली. ती वाट डाव्या दालनात निघाली. तिने कटोरा ओतला. गडाने असा ठोका दिला की वाळवंट हादरले. वारा सुटला आणि काबूसाला पाचोळ्यासारखा सात समुद्रांपलीकडे घेऊन गेला.

दगडांची माणसे झाली. इसाम डोळे चोळीत म्हणाले, "बेटी, वाट सापडली? भिंतीत कुठे होती?"

"भिंतीत नव्हती, अब्बाजान. रक्त फुप्फुसांतून फिरून येते."

"ग्रंथांत तसे नाही."

"नाही. पण वर तसेच आहे."

हुदहुद ओरडला, "गड आता सुलतानाच्या छातीत परत जाईल! बाहेर पडा!"

इसाम मात्र जागचे हलेनात. "आधी मला दाखव."

मुलीच्या खांद्यावर हात ठेवून ते वर चढले. काळी धार लाल होताना त्यांनी पाहिली, पुन्हा पाहिली. "सुब्हानल्लाह," एवढेच ते पुटपुटले, आणि लहान मुलासारखे रडले. लुबनाने त्यांना हाताला धरून बाहेर आणले. मागे वळून पाहतात तो गड नाहीसा झाला होता.

तिकडे महालात सुलतानाने छाती भरून श्वास घेतला. इकडे सारे हकीम वाळवंटातून लुबनाच्या मागोमाग घरी निघाले. वाटभर ते तिला प्रश्न विचारीत होते, आणि सर्वांत जास्त प्रश्न इसामांचेच होते.