भट्टीमागचं दर्याफूल

फार पूर्वी घाटमाथ्यावर एक गाव होतं. तिथली थंडी अशी, की पौषात पहाटे गवतावरचं दव गोठून मिठासारखं पांढरं दिसायचं. त्या गावात एक भडभुंजीण राहायची. नाव भागीरथी, पण सगळा गाव तिला भागाक्का म्हणायचा. चणे-फुटाणे भाजून घ्यायचे, लाह्या फोडून घ्यायच्या, तर लोक तिच्याच भट्टीवर यायचे.

भागाक्काच्या नवऱ्याला फिरण्याची भारी हौस. एकदा तो एका व्यापाऱ्याच्या गलबतावर आचारी म्हणून गेला आणि येताना दूरच्या उष्ण बेटावरून एक रोप घेऊन आला. बघता बघता रोपाचं झुडूप झालं. पावसाळा लागला की त्याला शेंदरी फुलांचे घोस झुंबरासारखे लोंबायचे. त्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. दर्यापारहून आलं म्हणून लोक त्याला दर्याफूल म्हणू लागले.

झाड मोठं नाजूक. ऊन सोसायचं, पाऊस सोसायचा, थंडी मात्र मुळीच सोसायचं नाही. म्हणून नवऱ्याने भट्टीच्या मागच्या भिंतीला लागून एक लहानशी खोली बांधली आणि झाडाची मोठी कुंडी तिथे ठेवली. भट्टीमुळे ती भिंत अष्टौप्रहर उबदार असायची. समोर मोठी खिडकी ठेवली, म्हणजे झाडाला ऊनही मिळे. आळीतल्या बायका येऊन एखादी फांदी मागायच्या, तर तो म्हणायचा, फांदी तोडली की झाड रुसतं. कुणालाच त्याने कधी फांदी दिली नाही.

पुढे तो साध्या तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. भागाक्काजवळ राहिलं ते एवढं झाडच. ती रोज संध्याकाळी भट्टी विझली की खोलीत जाऊन कुंडीतल्या मातीवर तळहात ठेवायची, माती उबदार लागली की मगच जेवायला बसायची. फांदी मागणाऱ्या बायकांना आता ती नवऱ्याचंच उत्तर द्यायची. झाड वाढत वाढत खोलीभर झालं. आत तिच्याशिवाय दुसरं माणूस उभं राहील एवढीही जागा उरली नाही.

एका वर्षी थंडी लवकर आली आणि जोरात आली. गावाच्या कडेला सारजा नावाची बुरडीण राहायची, टोपल्या-सुपं विणणारी. नुकतीच बाळंत झाली होती. नवरा बांबू आणायला घाटाखाली गेलेला, तो होळीलाच परतायचा. उबेसाठी खोपटात शेगडी ठेवली, तिची ठिणगी उडाली आणि खोपटं जळून गेलं. सारजा बाळाला उचलून बाहेर पडली, एवढंच नशीब. दिवस मावळताना ती भागाक्काच्या दारात आली. नवरा येईपर्यंत भट्टीमागच्या खोलीत पडू दे, एवढंच तिचं मागणं होतं. भागाक्काचं राहतं घर कुडाचं, फटींतून वारा शिरायचा; ऊब होती ती त्या खोलीतच.

भागाक्काने तिला ऊन ऊन फुटाणे दिले, जुनी घोंगडी दिली. खोलीचं मात्र तिला जमेना. तिथं झाड आहे, जागा नाही, असं ती म्हणाली. देवळाच्या ओवरीत जा, तिथं वारा लागत नाही, असंही म्हणाली. ओवरी दगडी आहे आणि रात्री बर्फासारखी होते, हे दोघींनाही माहीत होतं. सारजाने बाळाला उराशी धरलं. उठली आणि चालू लागली.

भागाक्का नेहमीसारखी खोलीत गेली, मातीवर हात ठेवला. माती छान उबदार होती. खिडकीतून तिला देवळाची वाट दिसत होती. सारजाने ती जुनी घोंगडी बाळाभोवती गुंडाळली होती, वरून स्वतःचा पदरही गुंडाळला होता, आणि वाऱ्याकडे पाठ करून ती आडवी-आडवी चालत होती. बाळंतिणीच्या कानाला साधं फडकंही नव्हतं.

भागाक्काचा हात मातीवर होता तसाच राहिला. मग तिने खिडकीतूनच सारजाला हाक मारली.

शेजारचा कुंभार आणि त्याचा भाऊ झाड बाहेर काढायला मदतीला आले. पण कुंडी दाराशी आली आणि अडली. झाड आतल्या आत एवढं पसरलं होतं, की फांद्या छाटल्याशिवाय ते बाहेर निघणंच शक्य नव्हतं. कुंभाराने कोयता मागितला. भागाक्का तो हातात घेऊन नुसती उभी राहिली.

सारजा म्हणाली, "राहू दे अक्का. मी अंगणात बसते भट्टीजवळ."

"झाड रुसलं तर त्याची समजूत काढता येईल," भागाक्का म्हणाली. "बाळ रुसलं तर कुणाची समजूत काढायची?"

आणि फांद्या तिने स्वतःच्या हाताने छाटल्या.

झाड बाहेर गेलं. तिने त्याला गोणपाटात गुंडाळलं, बुंध्याशी पेंढा रचला. खोलीत सारजाची बाज पडली. छाटलेल्या फांद्यांचा ढीग दाराशी पडला होता. त्यांचं काय करू, असं सारजाने विचारलं. भागाक्काने तिकडे न बघताच चुलीत घाल म्हणून सांगितलं. पण हिरवी फांदी जाळायला सारजाचं मन होईना. तिने भट्टीवरची, चणे भाजून टाकाऊ झालेली वाळू एका टोपलीत भरली, वर थोडी माती घातली आणि फांद्यांचे तुकडे करून त्यात खोचले. टोपली उबदार भिंतीशी बाळाच्या उशाशी ठेवली. बाळाला पाजून झालं की ती त्या तुकड्यांवर चार थेंब शिंपडायची.

काही दिवस झाड तगलं. मग एका पहाटे असं हिव पडलं, की रांजणातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला. भागाक्काने गोणपाट सोडलं. आतली पानं काळी पडली होती. तिने नखाने साल खरवडून पाहिली. वर पाहिली, मधे पाहिली, पार बुंध्याशी पाहिली. कुठेच हिरवं नव्हतं.

ती खूप रडली. रडणं ओसरल्यावर तिला राग आला, आणि तो सारजावर आला. तो राग बरोबर नाही हे कळत होतं, तरी येत होता. ती भाकरी दाराशी ठेवायची आणि न बोलता निघून जायची. सारजाच्या ते ध्यानात आलं. एका सकाळी तिने घोंगडी घडी करून ठेवली, बाळाला छातीशी बांधलं आणि जायला निघाली.

भागाक्का वाटेत उभी राहिली. "एवढ्या गारठ्यात लेकराला घेऊन कुठं चाललीस," ती म्हणाली. "माझं तोंड वाईट झालंय, घर नव्हे. बस आत."

त्या दिवशी ती पहिल्यांदा बाळाजवळ टेकली. पोरीचे गाल चांगले भरले होते. उशाशी टोपली होती, पण तिच्यात नुसत्या काड्या दिसत होत्या. जुनी पानं केव्हाच गळली होती. उगाच कशाला पाणी घालतेस, असं भागाक्का म्हणाली. सारजा म्हणाली, वाळलेली काडी हलवली की निघते, यातल्या काही निघत नाहीत.

भागाक्काने एक काडी हलकेच ओढली. काडीने खालून माती धरून ठेवली होती. खाली वाकून पाहिलं तर सालीवर मोहरीएवढा हिरवा ठिपका फुटला होता.

होळीच्या सुमारास सारजाचा नवरा बांबू घेऊन परत आला आणि नवं खोपटं उभं राहिलं. टोपलीतल्या बऱ्याच काड्या कुजल्या होत्या, पण बऱ्याच जगल्याही होत्या. कुंभाराने लहान कुंड्या दिल्या. पहिली कुंडी भागाक्काने सारजाला दिली, दुसरी स्वतःला ठेवली. उरलेल्या घेऊन ती आळीत निघाली. ज्या बायकांना वर्षानुवर्षं नाही म्हटलं होतं, त्यांच्या दारात उभं राहताना तिला संकोच वाटला. पण कुणी जुनं काही काढलं नाही. पाट मांडला, गूळपाणी दिलं, झाडाला पाणी किती घालायचं ते विचारलं.

पावसाळ्यात आळीभर शेंदरी घोस लोंबले. पुढच्या थंडीत ज्याने त्याने आपली कुंडी आपल्या चुलीशी ठेवली. कुणाची गारठून गेली, तर शेजारीण आपल्यातली फांदी कापून द्यायची.

भट्टीमागची खोली मात्र भागाक्काने सारवून मोकळीच ठेवली. गावातल्या लेकी बाळंतपणाला माहेरी आल्या, की थंडीभर शेकायला तिथेच येऊ लागल्या. त्या खोलीत किती पोरं बाळसं धरून गेली, त्याला गणती नाही. ती सगळी भागाक्काला आजी म्हणत. रोज संध्याकाळी भट्टी विझली, की आजी आत येऊन निजलेल्या बाळाच्या तळव्याला हात लावायची, आणि तळवा उबदार लागला की मगच जेवायला बसायची.

तात्पर्य: अडलेल्याला जागा करून देताना आपलं काहीतरी जातं, हे खरंच आहे. पण दार लावून जपलेलं एका घरापुरतं राहतं, आणि दार उघडून दिलेलं गावभर रुजतं.