वाट पाहणारे व्याळ

मीठघाट चढून खारपेठेत पोचलं की नव्या माणसाची नजर आधी वर जाते. व्याळगडाच्या माथ्यावर दोन काळे सुळके शेजारी शेजारी बसलेले दिसतात. हो, उभे नाहीत, बसलेलेच. एक थोराड, एक जरा लहान. आजूबाजूचा सगळा डोंगर तांबूस, आणि हे दोघे तेवढे कोळशासारखे. दोघांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या, गडाच्या मागच्या दिंडीकडे, म्हणजे लहान दरवाज्याकडे. पाहुणा विचारतोच, "हे असे का हो?" मग पेठेतला कुणीतरी जुना माणूस त्याला घोंगडीवर बसवतो, गुळाचा खडा आणि पाणी पुढे करतो आणि सांगायला लागतो.

फार मागची गोष्ट. गडावर तेव्हा धारराव नावाचा राजा होता. देवळाच्या खांबांवर आपण जे व्याळ कोरलेले पाहतो, घोरपडीचं अंग, गरुडाचे पंख, श्वासात आग, तसे खरेखुरे व्याळ त्या घराण्यात पाळलेले होते म्हणे. पाळलेले म्हणणंही चूकच, ते घरातलेच होते. राजाच्या घरी मूल जन्मलं की बाळघुटी उगाळायची, आणि त्याच सहाणेवरचं एक एक बोट अंड्यातून निघालेल्या पिलांच्या जिभेला लावायचं. ज्यांनी एका सहाणेची घुटी चाटली त्यांची गाठ जन्माची. मग ते व्याळ दुसऱ्या कुणाचं ऐकत नसत. आणि त्यांची एक खोड होती. त्यांना शब्द कळे, थट्टा कळत नसे. बोललेलं ते खरं धरून चालत. शब्द मोडणाऱ्या घरात व्याळ राहत नाही, अशी म्हणच होती.

धाररावाच्या लेकीचं नाव दीपाऊ. तिच्या घुटीतले दोन व्याळ, काजळ आणि केशर. पोर त्यांच्या शेपटीवर डोकं ठेवून दुपारची झोपायची.

भाऊबंदकी कुठल्या घराला चुकली आहे? धाररावाचा धाकटा भाऊ भानराव. वर्षश्राद्धाच्या पंगतीला राजा सोवळ्यात, हत्याराविना बसलेला, आणि वाढपी म्हणून उभे असलेले लोक भानरावाचे. पहिला घास तोंडात जायच्या आत राजा पानावर पडला, राणी त्याच्या शेजारी. लाडाऊ दाईनं पोरीला उचललं आणि मागच्या दिंडीकडे धाव घेतली. व्याळ तिथंच ऊन खात पडले होते. त्यांनी माना वर केल्या.

आता पोर ती. काय झालं हे तिला कळलेलं नव्हतं. पण घरातून निघताना "जाते" म्हणू नये, "येते" म्हणावं, हे आईनं शिकवलेलं. दाईच्या खांद्यावरून तिनं हात हलवला आणि म्हणाली, "येते हं."

दाईनं तिला खाली पेठेत विसाशेटच्या पदरात टाकलं. विसाशेट मिठाचा व्यापारी. कोकणातून बैलांवर मीठ आणायचं, घाटावर विकायचं. त्यानं पोरीला आपली भाची म्हणून वाढवलं, नाव ठेवलं खारू. माणूस मोठा बेरकी. गडावर जाणारं मीठ तो पायथ्याशीच उतरवी आणि खारूला पुढं पाऊल टाकू देत नसे. तिनं एकदा विचारलं, "मामा, माझ्या बापाचं रक्त अजून वर वाळतंय आणि आपण त्याच्याच मारेकऱ्याला मीठ विकायचं?"

"विकायचं," विसाशेट म्हणाला. "आणि चांगलं, पांढरं विकायचं. सौदा आणि सूड, दोन्हीत ज्याला घाई त्याचं नुकसान."

खारूनं घाई केली नाही. पण तिच्या मनात दोन सूड होते. एक काकाचा. दुसरा व्याळांचा. कारण भानरावानं व्याळांना साखळ्या घातल्या तेव्हा ते हललेसुद्धा नाहीत, ही बातमी पेठेत आली होती. "व्याळांनी आम्हाला मानलं," असं भानरावानं दवंडी पिटून सांगितलं, आणि जिथं व्याळ तिथं राज्य, म्हणून रयतेनंही मान खाली घातली. खारू रात्रंदिवस म्हणे, माणसं फितूर होतात ते ठीक, पण एका सहाणेची घुटी चाटलेलेही फितूर व्हावेत?

व्याळांना मीठ चाटायला लागे. ते न्यायला वरून कुशाबा नावाचा राखणदार यायचा. उंच, सावळा, मितभाषी. खारूशी मात्र तो भाव करत तासभर बसे, आणि भाव काही केल्या जुळत नसे. विसाशेटच्या बायकोनं हे ओळखलं होतं. "ह्या गिऱ्हाइकाला मीठ नकोय," ती नवऱ्याला म्हणाली, "त्याला मीठवाली हवीय."

एकदा गोणी शिवता शिवता खारूनं विचारलं, "तुझे ते राजेसाहेबांचे लाडके कसे आहेत?"

"लाडके कसले," कुशाबा म्हणाला. "राजेसाहेब समोर येऊन उभे राहिले तरी मान वळत नाही त्यांची. सदा आपले मागच्या दिंडीकडे तोंड करून बसलेले. माझ्या आधीचा म्हातारा राखणदार सांगायचा, कुणी पोर तिथून 'येते' म्हणून गेली, तेव्हापासून हे असेच."

खारूच्या हातातला दाभण बोटात घुसला. ती रडली की हसली हे कुशाबाला कळलं नाही. ते फितूर झाले नव्हते. ते तिचं ऐकत होते. तिच्याच एका शब्दानं त्यांना बांधून ठेवलं होतं, आणि त्यांच्या त्या बसण्यावर काकानं आपलं सिंहासन मांडलं होतं.

तिनं कुशाबाला आपलं खरं नाव सांगितलं. त्यानं हातातली गोणी खाली ठेवली. मग म्हणाला, "दसऱ्याला रयत वर येते. त्या गर्दीत चल. पण एक कबूल कर. आग पेटण्याआधी बायकापोरांना मी दाराबाहेर काढीन, तेवढं थांबायचं."

"थांबेन," ती म्हणाली. "थांबायची सवय आहे."

दसऱ्याला दीपाऊ डोक्यावर मिठाची पाटी घेऊन दिंडीतूनच आत शिरली. कुशाबानं माणसं बाहेर काढली, तेवढा वेळ ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग पाटी खाली ठेवली, पदर मागं सारला आणि म्हणाली, "आले."

असं सांगतात, त्या एका शब्दासरशी साखळ्या वाळल्या वेलीसारख्या तुटल्या. काजळनं तिच्या पायावर हनुवटी टेकली, केशर लहान पिलासारखा कण्हला. तिनं दोघांच्या कपाळावर हात ठेवला आणि त्यांना वाड्याकडे बोट दाखवलं. ज्या सदरेत ती पंगत बसली होती ती सदर, आणि जे वाढपी आता मानाच्या पागोट्यात तिथं बसले होते ते वाढपी, काही उरलं नाही. दगड वितळून मेणासारखा ओघळला.

भानराव तेवढा जिवंत राहिला, कारण तिनं तसं सांगितलं होतं. तो तिच्या पायाशी आला. "बाई, मला सोड. मी काशीला जातो. पुन्हा तोंड दाखवणार नाही. कायमचा जातो."

"काका," ती गोड आवाजात म्हणाली, "निघताना जातो म्हणू नये. आईनं हेच शिकवलं होतं मला."

तिनं त्याला व्याळांच्याच ठाणावर बसवलं. नवी साखळी आणवली. तोंड दिंडीकडे करायला लावलं. "इथून मी बाहेर पडतेय. परत आले की तुम्हाला सोडते. शब्द आहे माझा." आणि दिंडीतून वळून तिनं हात हलवला. "येते हं, काका."

ती परत येणार नव्हती. हाच तिचा सूड होता. तलवारीनं मेला असता तर तो एका क्षणात सुटला असता. त्यानं रोज त्या दाराकडे बघावं, रोज पावलं वाजल्याचा भास व्हावा, आणि कुणी येऊ नये, हे तिनं मिठाच्या गोणी शिवता शिवता ठरवून ठेवलेलं होतं.

घाट अर्धा उतरल्यावर तिनं मागं पाहिलं. डोक्यावर व्याळांचे पंख नव्हते, ते मागून आलेच नव्हते. वर, दिंडीकडे तोंड करून, काजळ आणि केशर पंख मिटून पुन्हा बसले होते.

"चला की रे!" ती ओरडली.

"नाही यायचे," कुशाबा म्हणाला. "तू 'येते' म्हणालीस. काकाला म्हणालीस की त्यांना, हे त्यांना कुठं कळतंय? आता वर जाऊन 'आले' म्हणायला हवं."

ती माघारी फिरली, दिंडीच्या पायऱ्यांपर्यंत पोचली. तेवढ्यात आतून भानरावाचा आवाज आला. आशेनं भिजलेला, लहान पोरासारखा. "आलीस का? बाई, आलीस का गं?"

दीपाऊचं उचललेलं पाऊल तिथंच थबकलं. वर जाऊन "आले" म्हटलं की दिलेल्या शब्दाप्रमाणे त्याला सोडायला हवं. नाही सोडलं तर शब्द मोडला, आणि शब्द मोडला तर व्याळ कायमचे गेले. आणि तो आवाज, ती तहान, तिला ऐकतच राहावीशी वाटली. तिनं पाऊल मागं घेतलं.

"राहू देत," ती म्हणाली. "इतकी वर्षं बसले, आणखी थोडी बसतील. येईन मी."

"कधी?" कुशाबानं विचारलं.

ती घाट उतरायला लागली.

दोघांचं लग्न झालं. दीपाऊनं पेठेतूनच राज्य केलं, न्यायानं केलं म्हणतात. कुशाबा रोज वर जायचा, काकाला भाकर, व्याळांना मीठ. निघताना "येतो" म्हणायचा आणि सांजेला यायचा. आल्यावर ती एवढंच विचारायची, "काका दाराकडे बघतो का अजून?" आणि तो एवढंच विचारायचा, "कधी चलतेस?"

"येईन म्हटलं ना."

"पण कधी?"

पावसाळे गेले. एके दिवशी कुशाबा आला आणि त्यानं ओला हात तिच्यापुढं धरला. तळव्यावर शेवाळ होतं. "केशरच्या पाठीवरचं आहे," तो म्हणाला. "शेपटी दगड झालीय. मीठ चाटत नाही तो आता. चल, बाई माझी. म्हाताऱ्याला दे सोडून, काय उरलंय त्याच्यात?"

"तो मेल्यावर येईन."

कुशाबानं मिठाची पाटी उचलली. उंबऱ्यात क्षणभर थांबला. "बरं," तो म्हणाला. "जातो."

आयुष्यात पहिल्यांदा तो तसं म्हणाला होता. "येतो म्हण" एवढंच तिला सांगायचं होतं. पण हे शब्द कुठल्या तोंडानं सांगायचे? ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली, आणि तो घाटाच्या वळणाआड गेला. सांजेला आला नाही. नंतरही नाही.

पुढं पुष्कळ काळानं गडावर चितेचा धूर दिसला. भानराव मेला होता, असं सांगतात, डोळे दिंडीकडे ठेवूनच. दीपाऊचा सूड पुरा झाला. ती अनवाणी घाट चढली. दिंडीशी दोन काळे कडे बसले होते, त्यांच्या सावलीत पांढऱ्या केसांचा कुशाबा.

"आले," ती म्हणाली. मग मोठ्यानं, मग ओरडून. "आले रे! आले!"

थोरला हलला नाही. धाकट्याचा एक डोळा म्हणे अजून ओला होता. त्यानं तिला पाहिलं. ओळखलंही असावं. मग त्या डोळ्यावरही दगड चढला.

कुशाबा म्हणाला, "रोज विचारत होतो तुला, कधी. एकदा तरी सांगायचं होतंस."

तिनं मिठाची पाटी दोघांच्या पायाशी ओतली. कुशाबाचा हात धरून खाली उतरताना ती व्याळांना काय म्हणाली? काहीच नाही. म्हणायला शब्दच उरला नव्हता.

आजही खारपेठेतले लोक दसऱ्याला सुळक्यांच्या पायथ्याशी मीठ ठेवतात आणि न बोलता माघारी फिरतात. आणि पाहुणे, तुम्ही उठताना सवयीनं "बरंय, येतो" म्हणालात, तर घरातलं कुणीतरी, बहुधा सर्वांत लहान पोर, तुम्हाला विचारेल, "कधी?" हसू नका. दिवस सांगा. त्या दिवशी तुम्ही आला नाहीत, तर त्या घरचं दार दिवसभर उघडं राहतं, आणि दिवेलागणीला ते लोटायला कुणाचा हात धजत नाही.