एक वाटी भर

फार पूर्वी, म्हणजे राजे अजून शिल्लक होते आणि फोटो नुकतेच निघू लागले होते त्या दिवसांत, डोंगराआडच्या एका राज्यात एक छायाकार राहत होता. राजवाड्याच्या मागे त्याची अंधारी खोली होती आणि खोलीत गडद काचेची एक मोठी बरणी होती.

फिल्मवर दडलेला चेहरा बाहेर काढणारे रसायन या बरणीत असे. जाणकार त्याला डेव्हलपर म्हणत. बाकीचे लोक त्याला फोटोचे औषध म्हणत आणि ते काही चुकीचे नव्हते, कारण औषधासारखेच त्यालाही पथ्य होते.

एक फिल्म धुतली की बरणीतले औषध थोडे थकते. म्हणून त्यातले वाटीभर काढायचे आणि शेजारच्या बाटलीतले ताजे, कडक औषध वाटीभर घालायचे. या ताज्या औषधाला ‘भर’ म्हणत. भर घातल्याशिवाय छायाकार हात पुसत नसे. बाटलीत रिकामी जागा राहिली की हवा शिरते आणि भर मरते. म्हणून भर कमी होई तसतशा तो बाटलीत काचेच्या गोट्या टाकी, आणि पातळी गळ्यापाशीच राही.

असे सांभाळलेले औषध विरजणासारखे वर्षानुवर्षे चालते. ते मुरलेले असते. त्यातून चेहरे सौम्य आणि स्वच्छ उतरतात.

काढलेली वाटी छायाकार फेकत नसे. आठवडी बाजारात तंबू ठोकून लोकांचे फोटो काढणारी एक बाई होती. ती येऊन ते औषध आपल्या बरणीसाठी घेऊन जाई आणि जाताना भाजलेल्या शेंगा ठेवून जाई. भर कशी कालवायची, हेही त्याने तिला शिकवले होते.

“दादा, तुमचं उष्टं औषधसुद्धा गुणाचं आहे,” ती म्हणे.

“उष्टं कसलं ताई, मुरलेलं आहे. तेवढी भर घालायला विसरू नका.”

असे सगळे बरे चालले होते. मग राजाने खूश होऊन छायाकाराला शाल दिली आणि ‘राजछायाकार’ असा किताब दिला. किताबापाठोपाठ तपासणी येतेच. दिवाण अंधाऱ्या खोलीत आले.

“या बाटलीत गोट्या कशाला?”

“हवा शिरू नये म्हणून, दिवाणसाहेब. हवा लागली की औषध मरतं.”

“आमच्याकडे हवेवर माणसं पोसली जातात, आणि तुमचं औषध मरतं?” दिवाण स्वतःच्या विनोदावर पुरेसे हसले. “आणि ही बरणी तर काठोकाठ भरलेली आहे. मग रोज काढता कशाला आणि घालता कशाला?”

“फिल्म धुतली की ते थकतं, साहेब.”

“थकायला ते काय कारकून आहे? आजपासून काढणं बंद, घालणं बंद. आणि सरकारी औषध बाजारात जाणार नाही.”

छायाकाराला बोलायचे होते. पण अंगावर नवी शाल होती, आणि शाल अंगावर असली की मान आपोआप खाली जाते. गोट्या राजपुत्रांकडे खेळायला गेल्या. एवढाच त्या हुकमाचा उपयोग झाला. बाजारातली बाई आली तेव्हा छायाकाराने तिला दारातूनच सांगितले, “हुकूम आहे, ताई.” ती रिकाम्या हातांनी वळली. शेंगा मात्र ठेवून गेली.

सुरुवातीला काहीच बिघडले नाही. वाईट काय ते एवढेच. बिघडले असते तर कोणी जागे झाले असते. हळूहळू फोटो फिके येऊ लागले. छायाकार फिल्म जरा जास्त वेळ बुडवून ठेवी आणि स्वतःची समजूत घाली.

याच सुमारास राजाची म्हातारी दाई आपल्या गावी कायमची निघाली. आई गेल्यावर तिनेच राजाला वाढवले होते. तिचे गाव घाटापलीकडे होते आणि आता पुन्हा घाट चढण्याचे तिचे वय नव्हते. राजाने तिला अंगणात खुर्चीवर बसवले.

“दाईआई, हलू नकोस.”

“तू लहानपणी कधी ऐकलंस का माझं, बाळा?” असे म्हणून ती हसली. तेवढ्यात छायाकाराने फोटो घेतला. ती एकच फिल्म उरली होती. दाई बैलगाडीत बसली आणि गेली.

दिवाणांनी त्याच सकाळी आपलाही फोटो काढून घेतला होता. आपली फिल्म आधी धुवावी, असा त्यांनी आग्रह धरला. त्या आग्रहाबद्दल छायाकाराने पुढे जन्मभर त्यांचे आभार मानले. कारण दिवाणांच्या फोटोत पांढरी पगडी तेवढी उमटली. काळा कोट, काळ्या मिशा, सगळे धुक्यात गेले. पगडीखाली दिवाण नव्हतेच. दरबारातल्या काही जणांना तो फोटो हुबेहूब वाटला.

छायाकाराने बरणी पाहिली, बाटली पाहिली. बरणी भरलेली होती, पण औषधातला जीव संपला होता. बाटलीतली भर हवा खाऊन चहासारखी तांबूस झाली होती. नवे औषध कालवता आले असते, पण नवे औषध उतावळे असते. दाईचे पांढरे केस आणि पांढरे लुगडे त्याने एका ढगात घालून टाकले असते, आणि त्या ढगात ते हसूही गेले असते. फिल्म एकच होती, आणि राजा संध्याकाळी बघायला येणार होता.

छायाकाराने शाल घडी करून ठेवली आणि तो बाजारात गेला.

बाई तंबूबाहेर शेंगा सोलत होती. “या राजछायाकार. हुकूम उठला वाटतं?”

“नाही उठला, ताई. मीच उठून आलोय. माझं औषध मेलं. मीच मारलं.”

बाईने त्याच्याकडे पाहिले. पुढचा टोमणा तिने गिळला आणि तंबूतून आपली बरणी आणली. शेजारी तिची भरीची बाटली होती. तिच्यात नदीतले धुतलेले खडे होते आणि भर गळ्यापर्यंत होती.

“ही बरणी घ्या. तुमच्याच वाट्यांतून भरली आहे ही. तुम्ही सांगितलं तसं, फिल्म धुतली की लगेच भर घालते.”

“तुमचं आजचं काम अडेल.”

“अडू दे. गिऱ्हाइकांना शेंगा देईन.”

अंधाऱ्या खोलीत, तांबड्या दिव्याच्या उजेडात, छायाकाराने दाईची फिल्म त्या औषधात सोडली. आधी लुगड्याचा काठ आला. मग हात आले. मग चेहरा आला, आणि चेहऱ्यावर ते हसू, ओठांच्या कडेच्या सुरकुतीसकट.

संध्याकाळी कागदावर उतरलेला फोटो राजाने हातात घेतला. ओठांच्या कडेच्या त्या सुरकुतीवर त्याने हलकेच बोट ठेवले. मग म्हणाला, “तुझे उपकार झाले.”

“माझे नाहीत, महाराज. मी तर तो गमावलाच होता.” आणि छायाकाराने शालीपासून शेंगांपर्यंत सगळे सांगितले.

राजाने बाईला बोलावून काय हवे ते विचारले.

“ती वाटी पुन्हा चालू व्हावी, महाराज. दुसरं काही नको.”

वाटी चालू झाली. पहिली मात्र उलट्या दिशेने गेली: बाईच्या बरणीतून राजवाड्याच्या बरणीत. गोट्या परत मागवल्या तेव्हा राजपुत्र रडले आणि काही गोट्या सापडल्याच नाहीत, म्हणून छायाकाराने नदीतले खडे आणले. दिवाणांचा तो फोटो राजाने त्यांच्याच कचेरीत लावला. दिवाण रोज त्याच्याकडे पाहत, आणि पुढे कुठलाही हुकूम काढण्याआधी विचारू लागले.

दाईच्या फोटोची एक प्रत घाटापलीकडे गेली. दाईने ती उजेडात धरली. “ही म्हातारी एवढी कशाला हसतेय?” ती म्हणाली, आणि मग फोटो पदराने पुसून देवाजवळ ठेवला.

बोध: ज्यातून घेतो त्यात लगेच भर घालावी आणि जास्तीचे वाटावे, कारण आपले संपते त्या दिवशी वाटलेलेच कामी येते.