अठरा टाक्यांचा मफलर

"पण टाके दिसतच नाहीत, तर मोजायचे कसे?" कुंदाबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

तुळसाआजी वाटाणे सोलत राहिल्या.

"आजी, मी तुमच्याशी बोलतेय!"

"ऐकून राह्यली ना मी. चहा घे."

"चहा नको मला. अमरावतीहून आलेय मी. घाटात दोनदा गाडी थांबवावी लागली, इतकं मळमळलं. चहा काय, घरीही मिळतो!"

"मंग वाटाणे सोल."

आता या बाईला काय म्हणावं! चिखलदऱ्याच्या मठात पन्नास वर्षं राहिलेली, येणाऱ्याजाणाऱ्याला टोप्या-मफलर विणून देणारी ही म्हातारी. लोक सांगत, विणकामातली अडचण असो की संसारातली, तुळसाआजींकडे जा. म्हणून कुंदाबाई आल्या. आणि पाऊण तास झाला तरी हातात काय पडलं, तर वाटाण्याच्या शेंगा.

कुंदाबाई काही अशातशा नव्हेत. जिल्ह्याच्या महिला मंडळात क्रोशाचं पहिलं बक्षीस सलग सहा वर्षं त्यांचंच. चूक दिसली की उसवायचं, हा त्यांचा बाणा. एक टेबलक्लॉथ संपायला तीन ओळी राहिल्या असताना, चौथ्या ओळीतल्या एका साखळीपायी त्यांनी सगळा उसवला होता. घरातल्यांनी कपाळाला हात लावला. बाई मात्र हे जो भेटेल त्याला अभिमानानं सांगायच्या.

आणि नशीब बघा, भाचीनं नागपूरहून आणून दिली ती खोट्या फरची लोकर. राखाडी, मऊ, नुसती केसाळ. त्यात सुई कुठून घालायची ते दिसत नाही, कुठून काढायची ते दिसत नाही, आणि विणलेलं उसवायला जावं तर केसात केस अडकून असा काही गुंता होतो की जीव नकोसा व्हावा.

कुंदाबाईंनी तो मफलर पाच वेळा उसवला होता.

दिवाळीत सुरू केलेला. आता संक्रांतही होऊन गेली.

ओसरीच्या टोकाला उन्हात, सोबत आणलेली त्यांची आई बसली होती. अनसूयाबाई, वय वर्षं शहाऐंशी. पदराचं टोक गळ्याशी घट्ट धरलेलं. मफलर त्यांच्यासाठीच होता. थंडी गळ्यातून छातीत शिरते, असं त्या म्हणायच्या, आणि गेल्या हिवाळ्यात तर पंधरा दिवस दवाखान्यात काढले होते.

"कुंदे, झाला काय वं?" तिकडून आवाज आला. मागोमाग खोकला.

"होतोय, आई! जरा दम धर ना!"

हे रोजचंच होतं. रोज आई विचारणार, रोज कुंदाबाई खेकसणार, आणि मग रात्रभर त्यांनाच वाईट वाटणार.

तुळसाआजींनी पहिल्यांदाच मान वर केली.

"किती राह्यला?"

"अर्धा झालाय." कुंदाबाईंनी पिशवीतून मफलर काढला. दोन हात लांब, शेवटच्या टाक्यात सुई तशीच लटकलेली. "पण मध्ये कुठेतरी एक टाका गळलाय. प्रत्येक ओळीत अठरा हवेत. एका ओळीत सतरा आहेत, मला पक्कं माहीत आहे. उसवावा लागणार."

"सहाव्यांदा?"

"मग काय करू? चुकीचं तसंच ठेवू? आईच्या अंगावर?"

...

"दाखव," आजी म्हणाल्या. "कुठं हाय चूक?"

हे मात्र कुंदाबाईंना आवडलं. चला, म्हातारी मुद्द्यावर तरी आली! त्यांनी चष्मा पुसला, मफलर मांडीवर पसरला आणि केस बाजूला सारत टाके शोधू लागल्या.

"उवा पाहून राह्यली काय वं?"

"आजी, थट्टा नको!"

"बरं बरं. पाह्य."

पहिल्यांदा मोजले, सतरा आले. दुसऱ्यांदा एकोणीस. "असं कसं होईल?" तिसऱ्यांदा सोळा. मग त्यांना वाटलं, ओळच चुकली. वरची ओळ घेतली, खालची घेतली. डोळ्यांनी जमेना म्हणून बोटांनी चाचपलं. बोटांना सगळीकडे अठराच लागत होते. मफलरचे राखाडी केस गळून त्यांच्या साडीला चिकटले. एका कडेला तर फर विरळ होऊन आतला दोरा दिसू लागला होता. पाच वेळा उसवल्याचं ते फळ.

"सापडली?"

"होती इथेच! काल रात्री होती!"

"मंग?"

"मग काय, सगळंच उसवते. म्हणजे शंकाच नको!" कुंदाबाईंचे डोळे भरून आले होते, रागानं की कशानं, त्यांनाच ठाऊक. "पुढच्या आठवड्यात होईल. नाहीतर... पुढच्या हिवाळ्यात तरी..."

ओसरीच्या टोकाकडे बघायचं धाडस त्यांना झालं नाही. तिकडे आई खोकत होती, आणि हा खोकला आधीपेक्षा लांबला.

...

तुळसाआजी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. कुंदाबाईंच्या मांडीवरचा मफलर त्यांनी उचलला. सुई काढली. शेजारी पडलेल्या चाकूनं धागा कापला.

"अहो! अहो आजी, काय करताय! अर्धाच आहे तो!"

आजींनी कापलेलं टोक शेवटच्या टाक्यातून ओढून घेतलं, गाठ आवळली आणि ओसरीभर चालत गेल्या. अनसूयाबाईंच्या हातातून पदर सोडवला. मफलर गळ्याभोवती एकदाच गुंडाळला, टोकाला टोक खोचलं.

लांबी तेवढ्यालाच पुरली.

अनसूयाबाईंनी हनुवटी त्या केसांत खुपसली. दोन्ही हातांनी गालाशी दाबून धरला. थोड्या वेळानं डोळे मिटले.

"कुंदे," त्या म्हणाल्या, "लय गरम हाय वं."

कुंदाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. सवय कुठली जायला...

"पण आजी, त्यात चूक आहे. मला माहीत आहे, एक टाका कमी आहे."

तुळसाआजी परत वाटाण्यांपाशी येऊन बसल्या. एक शेंग उचलली.

"मंग जाय. काढ मायच्या गळ्यातून, अन् शोध."