शेपटाकडून खणलेला पाट

धामणदे गावच्या बंधाऱ्याचे तोंड उघडले की पाणी पहिल्या शेताला वळत नाही. पाऊण कोस चालत ते आधी अगदी शेवटच्या शेतात जाते. बाहेरच्या माणसाला हे उफराटे वाटते. कुणी तसे बोलून दाखवले, की पाणी वाटणारे नथ्थूआप्पा पाटकरी बांधावर टेकतात आणि ठगूबाईची हकीकत सांगू लागतात.

फार पूर्वी म्हणे गावाने नदीत दगडी बंधारा घातला आणि तिथून पाट खणत नेला. पाणी आपोआप शेतात सांडावे म्हणून वरच्या शेतकऱ्यांनी तो उथळच ठेवला. सांडत सांडत पाणी वरच संपले. पाटाच्या शेपटाच्या, म्हणजे खालच्या टोकाच्या, पाच घरांचा गहू गुडघ्याएवढा होऊन वाळला. त्यांतले एक घर बैलगाडीत संसार भरून निघून गेले.

शेवटचे शेत ठगूबाईचे. नवरा गेलेला, दोन मुली पदरात. गाडी दिसेनाशी झाली तेव्हा ती कुदळ घेऊन उठली आणि पाट शेपटाकडून खणू लागली, कमरेएवढा खोल.

"भुताचे पाय उलटे असतात म्हणतात," पहिल्या शेताचा धनी दगा पाटील हसला, "हिची तर कुदळच उलटी चालते!"

"वरून खणलं की ज्याचं त्याचं माप लागतं, आबा," ती म्हणाली. "खालून खणलं की सगळ्यांचं."

भरलेली परात तळाशी ठेवून ती उतार पाही. परातीतले पाणी तिच्या शेताकडच्या काठाने सांडले तरच ती पुढे सरके. आधी शेपटाची घरे मदतीला आली, मग मधली. होळी झाली तेव्हा खोल पाट पाटलाच्या हद्दीला भिडला आणि वरचे पाणी त्यात उतरू लागले.

पाटील बांधावर येऊन उभा राहिला. या खेपेला तो हसत नव्हता.

"ठगू, पाट एवढा खोल गेला, तर पाणी वरच्या शेतांत चढणार कसं? तुझ्या एका शेतासाठी आम्ही सगळ्यांनी कोरडं राहायचं?"

साऱ्यांच्या कुदळी थांबल्या. पाटलाचे म्हणणे खरे होते. मधल्या शेतकऱ्यांनी आपल्याच पायाखालचा पाट खोल केला होता. कुणीतरी माती परत लोटायला फावडे उचलले.

ठगूबाईने पदर खोचला आणि वाहत्या पाटात उतरून ती आडवी झाली. डोके एका काठाला, पाय दुसऱ्या काठाला. असे सांगतात, की पाणी तिच्या पाठीशी अडले, फुगले, छातीपर्यंत आले, हनुवटीला लागले. तिची थोरली मुलगी ओरडली, "आये, ऊठ!" ती हलली नाही. मग पाणी काठावर चढले आणि शेजारच्या शेतात पसरले.

"चढलं का, आबा?"

"चढलं," पाटील म्हणाला.

"मग ऐका. मी उठले की पाणी खाली जातं, आडवी झाले की वर चढतं. माझं शेत भिजलं की मी स्वतः चालत येईन आणि तुमच्यासाठी आडवी होईन. पण आधी नाही."

मग पाटलाने शेजाऱ्याच्या हातातले फावडे घेतले. माती लोटायला नव्हे. आपल्या हद्दीतला पाट त्याने स्वतः खोल करायला घेतला.

ठगूबाई शब्दाला जागली. पाण्याच्या दर पाळीला ती यायची आणि थंड पाण्यात पडून राहायची. पुढे म्हणे पाटलानेच तिच्या उंचीएवढी शिळा घडवून आणली आणि म्हणाला, "आता पुरे, बाई. हिला झोपव."

आजही शेवटच्या शेताचा धनी पाटाच्या कडेने वर चालत येतो. "आमचं भिजलं," एवढेच म्हणतो. मगच चौघे मिळून शिळा पाटात उतरवतात. तोवर पाटलाच्या घरची माणसे हातात फावडी घेऊन आपल्या कोरड्या शेतात उभी असतात, आणि त्यांच्या पायाजवळून पाणी खाली जात असते.