वॉरंटी कुणाची?

मिरजेच्या मुकुंदरावांना दमा होता. गाडीत एसी लावला की त्यांना खोकल्याची उबळ यायची. शेवटी त्यांच्या पत्नी शरयूताईंनी एसीचा नवा फिल्टर आणला आणि अंगणातच गाडीचा पुढचा कप्पा उघडला. आतला जुना फिल्टर धुळीनं काळाठिक्कर पडला होता.

तेवढ्यात थोरले दीर बापूसाहेब आले. घरात त्यांचा शब्द कुणी मोडत नसे.

"शरयू, ठेव ते. घरी खोलाखोली केली तर गाडीची वॉरंटी जाते."

शरयूताईंनी नवा फिल्टर अलगद आत सरकवला.

"जाऊ द्या, भाऊजी. गाडीला वॉरंटी तरी आहे. यांची मला कुणी दिलीय?"

बापूसाहेबांनी उघडा कप्पा बंद केला. मग धाकट्या भावाला हात धरून त्यांनी गाडीत बसवलं आणि स्वतःच एसी लावला. मुकुंदरावांनी सावकाश, खोल श्वास घेतला. खोकला आला नाही.